सहीनंतरची चौदा वर्षं

पुणे करारावर सह्या झाल्या त्या २४ सप्टेंबर १९३२ च्या शनिवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास. करार अवघ्या नऊ कलमांचा. सवर्ण हिंदूंच्या वतीनं पंडित मदनमोहन मालवीयांनी सही केली, अस्पृश्यांच्या वतीनं डॉ. आंबेडकरांनी. तेजबहादूर सप्रू, बॅ. जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्र प्रसाद, घनश्यामदास बिर्ला, मद्रासचे एम. सी. राजा, क्रिकेटपटू पाळवणकर बाळू अशी बाकीची नावं. राजगोपालाचारींना इतका आनंद झाला की त्यांनी आंबेडकरांशी आपल्या पेनाची अदलाबदल केली. या सहीबद्दल मराठीत भरपूर लिहून झालं आहे आणि त्यात बहुधा दोनच सूर लागतात. आंबेडकरांनी मन मोठं करून गांधींचे प्राण वाचवले, हा एक. गांधींनी उपोषणाचं शस्त्र उगारून त्यांना नमवलं, हा दुसरा. दोघांचं भांडण त्या एका आठवड्यापुरतं असतं. सहीची शाई वाळल्यावर पुढची चौदा वर्षं त्या सहीचं काय झालं, इकडे फारसं कुणी वळत नाही, आणि खरा हिशेब तर तिथंच आहे. दोन वाइटांतून कमी वाईट निवडायची पाळी ज्याच्यावर आणली जाते त्याची निवड एका दिवसात उरकते. तिची किंमत मात्र त्याच्या नावावर चढत राहते, आणि पेच घालणारे नामानिराळे राहतात.

पेच एकाएकी तयार झाला नव्हता. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरला नव्हता. प्रौढ मताधिकार आणि संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा, ही त्यांची मागणी होती. प्रौढ मताधिकार नाकारला गेला तर मात्र स्वतंत्र मतदारसंघ. ही अट नजरेआड केली की त्यांची पुढची भूमिका धरसोडीची वाटू लागते. मत जर सारा भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला किंवा शिकलेल्यालाच मिळणार असेल, तर महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून मतदार निघणार किती? अशा यादीवर संयुक्त निवडणूक घेतली तर राखीव जागेवर कोण बसणार हे गावच ठरवणार. दुसऱ्या गोलमेज परिषदेपर्यंत प्रौढ मताधिकार येत नाही हे उघड झालं होतं, आणि आंबेडकरांनी अटीचा दुसरा भाग पुढे केला. मुसलमान आणि शिखांचे स्वतंत्र मतदारसंघ गांधींनी नाइलाजानं का होईना पत्करले होते. अस्पृश्यांच्या बाबतीत त्यांचा नकार ठाम होता. या गोष्टीला आपण एकटे उरलो तरी प्राणपणानं विरोध करू, असं त्यांनी १३ नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनमध्ये अल्पसंख्याक समितीत सांगितलं. ती बोलण्यातली भर नव्हती. मार्च १९३२ मध्ये तुरुंगातून भारतमंत्री सॅम्युअल होअर यांना पत्र लिहून त्यांनी उपोषणाचा इरादा कळवूनही ठेवला होता.

ऑगस्ट १९३२ मध्ये पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांचा जातीय निवाडा जाहीर झाला. त्यात प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांना सत्तरेक जागा होत्या. त्या जागांवर फक्त अस्पृश्य मतदार मत देणार आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांचं दुसरं मत राहणार. हे दुसरं मत फार कमी लोकांच्या लक्षात राहतं. त्यामुळे सवर्ण उमेदवारालाही त्यांच्या दारात जावं लागलं असतं. व्यवस्था कायमची नव्हती, फार तर वीस वर्षांची होती. निवाड्यात आणखी एक तरतूद होती: संबंधित समाजांनी आपसांत वेगळी तडजोड केली तर सरकार ती स्वीकारील. गांधींनी उपोषण जाहीर केल्यावर ८ सप्टेंबरच्या उत्तरात मॅक्डोनल्ड यांनी याच तरतुदीकडे बोट दाखवलं. वरवर हे सभ्यपणाचं दिसतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा झाला की निवाडा सरकारनं द्यायचा, उपोषण गांधींनी करायचं, आणि दोन्हींचा शेवट काय होणार ते मात्र एकट्या आंबेडकरांनी ठरवायचं. सरकार हात झटकून बाजूला बसलं. गांधींचं म्हणणं, आपण आपल्या श्रद्धेला बांधलेले आहोत. देशातल्या लाखो लोकांना एकच माणूस आडवा आलेला दिसू लागला.

२० सप्टेंबरला दुपारी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू झालं. आदल्या दिवशी काढलेल्या निवेदनात आंबेडकरांनी दोन गोष्टी स्पष्ट मांडल्या होत्या. महात्म्यांचे प्राण की आपल्या लोकांचे हक्क, अशी निवड करायची वेळ आपल्यावर आणू नये, ही एक. दुसरी अधिक बोचरी: गांधींना कळो वा न कळो, या कृतीतून त्यांचे अनुयायी देशभर अस्पृश्यांवर दहशत बसवतील. गांधी येरवड्यात दगावले असते तर रोष कुणावर निघाला असता? बंदोबस्तात राहणाऱ्या पुढाऱ्यावर निघाला नसता, गावकुसाबाहेरच्या झोपड्यांवर निघाला असता. पाण्यापासून रोजगारापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी जे गावावर अवलंबून होते त्यांच्यावर. नकार देण्याचा हक्क कागदावर आंबेडकरांना होताच, पण नकाराची शिक्षा भोगणारे वेगळे होते. निवड कमी वाइटाची असते तेव्हा नेमकं असंच घडतं. ज्याला निवडायला लावलं जातं त्याच्यापुढे दुसऱ्यांचे जीव ओलीस ठेवलेले असतात, आणि तरीही तो आपल्या मर्जीनं निवडतो आहे असा देखावा उभा राहतो.

वाटाघाटी झाल्या त्या तुरुंगाच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली टाकलेल्या खाटेभोवती. वल्लभभाई आणि सरोजिनी नायडू जवळ असत. त्रेसष्टीला टेकलेले गांधी दिवसागणिक क्षीण होत होते आणि डॉक्टरांच्या बातम्या बाहेर पोचत होत्या. या वातावरणात आंबेडकरांनी घासाघीस सोडली नाही, हे विशेष. जागांच्या आकड्यांवर त्यांनी प्रांतवार भांडण केलं. शेवटी घोळ झाला तो वर्षांवरून. राखीव जागांचं पुढे काय करायचं ते अस्पृश्यांच्या सार्वमतानं ठरवावं, हे तत्त्व पुढे आलं, पण ते सार्वमत कधी? आंबेडकर दहा वर्षांच्या खाली यायला तयार नव्हते. पाच वर्षं नाहीतर माझे प्राण, इथवर गांधी आले. मरणाच्या वाटेवरचा माणूस एका कलमातल्या वर्षांवर अडून बसतो आणि समोरचा बॅरिस्टर ते कलम सोडत नाही, हे दृश्य कुणाला क्रूर वाटेल. मला त्यात आंबेडकरांची खरी अडचण दिसते. माणूस म्हणून त्यांना खाटेकडे पाहायचं होतं आणि प्रतिनिधी म्हणून कागदाकडे, आणि दोन्ही नजरा एकाच वेळी त्यांना ठेवाव्या लागत होत्या. अखेर सार्वमताचं कलमच गळलं. परस्परसंमतीनं काही ठरेपर्यंत राखीव जागा चालू राहतील, एवढं मोघम वाक्य उरलं.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सत्तरेक जागांच्या ठिकाणी कराराने १४८ दिल्या. मद्रास आणि बंगाल प्रत्येकी ३०, संयुक्त प्रांत आणि मध्य प्रांत प्रत्येकी २०, बिहार-ओरिसा १८, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८, आसाम ७. मध्यवर्ती विधिमंडळात सर्वसाधारण जागांच्या १८ टक्के, शिवाय प्रत्येक प्रांतात शिक्षणासाठी वेगळी तरतूद. बंगालमधल्या सवर्ण हिंदूंनी तर आपल्यावर अन्याय झाला म्हणून नंतर ओरड केली. मग किंमत आंबेडकरांनी मोजली की त्यांना मिळाली? खुद्द त्यांनीही २५ सप्टेंबरला मुंबईच्या सभेत गांधींबद्दल कृतज्ञतेनं भाषण केलं. आपल्या दोघांत इतकं साम्य आहे हे पाहून आश्चर्य वाटलं, हीच भूमिका त्यांनी गोलमेज परिषदेत का घेतली नाही, असं ते म्हणाले. हे भाषण लपवून ठेवण्याचं कारण नाही. त्या दिवशी त्यांना करार वाईट वाटला नव्हता, निदान वाईट ठरेलच असं वाटलं नव्हतं. पण जागा किती हा एक प्रश्न आणि जागेवरचा माणूस कुणाच्या मतानं येतो हा दुसरा. करारात निवडणूक दोन टप्प्यांची होती. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी निवडायची, मग त्या चौघांतून संयुक्त मतदारसंघानं एक. पहिल्या टप्प्यात ज्याला सर्वांत जास्त मतं पडली तो अंतिम निवडणुकीत पडू शकत होता, आणि चौथा आलेला जिंकू शकत होता. उमेदवार चार किंवा त्याहून कमी असले तर पहिला टप्पाच नाही. जागा वाढल्या, चावी गेली. आकड्यांत बोलणारा म्हणेल दुप्पट मिळालं; ते खोटं नाही, आणि म्हणूनच या करारातलं नुकसान दाखवून देणं त्या वेळी आणि नंतरही इतकं अवघड गेलं.

दुसरा आक्षेप गांधींच्या बाजूचा. उपोषण आंबेडकरांविरुद्ध नव्हतंच, ते सवर्ण हिंदूंच्या सदसद्विवेकाला हात घालण्यासाठी होतं, आणि तसा हात पोचलाही. त्या आठवड्यात ठिकठिकाणी देवळं उघडली, विहिरी खुल्या झाल्या, सहभोजनं झाली. जन्मावरून यापुढे कुणाला अस्पृश्य मानायचं नाही, असा ठराव मुंबईच्या परिषदेनं केला. गांधींच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. नोव्हेंबर १९३३ पासून त्यांनी देशभर हरिजन दौरा काढला, आणि जून १९३४ मध्ये पुण्यातच त्यांच्यावर बाँब फेकला गेला, तोही सनातन्यांच्या रागातून, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. स्वतःच्या परीनं ते ऋण फेडत होते. पण येरवड्यापासून काही मैलांवर पर्वती आहे. तिथं १९२९ मध्ये अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह केला तेव्हा त्यांच्यावर दगड पडले होते. नाशिकच्या काळारामाचा सत्याग्रह मार्च १९३० पासून चालू होता आणि १९३२ च्या त्या भारावलेल्या आठवड्यानंतरही ते देऊळ त्यांना बंदच राहिलं. विवेक जागा झाला तो जिथं व्हायला फारसं लागत नव्हतं तिथं. शिवाय ऋण कसं फेडायचं हे कोण ठरवणार? उपोषणानंतर निघालेल्या संस्थेनं, पुढे जिचं नाव हरिजन सेवक संघ झालं, नागरी हक्कांसाठी लढावं, विहिरी, शाळा, गाड्यांमधल्या समान वागणुकीसाठी मोहीम काढावी, असं आंबेडकरांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये ठक्करबाप्पांना लिहून कळवलं होतं. संघ त्या वाटेनं गेला नाही. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना मोठं स्थान का नाही, असं विचारलं गेलं तेव्हा गांधींचं उत्तर असं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, देणेकऱ्यांनीच ते पार पाडायचं. देणेकऱ्यानं हप्ता ठरवायचा आणि तारीखही. आपल्याला काय घ्यायचं आहे हे सांगण्याचा अधिकार ज्या सहीनं गेला, त्या सहीचं हे पहिलं व्याज.

पुढची वसुली निवडणुकांतून झाली. १९३७ मध्ये राखीव जागा १५१ झाल्या होत्या, त्यांतल्या ७८ काँग्रेसनं जिंकल्या. मुंबई इलाख्यात चित्र वेगळं दिसलं हे कबूल करायला हवं. तिथं आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं राखीव १५ जागांपैकी बहुतेक घेतल्या. त्याचं एक कारण मतदानाच्या पद्धतीत होतं. बहुसदस्य मतदारसंघांत आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा मुंबईत होती, आणि आंबेडकरांच्या मतदारांनी ती नेमकी वापरली. आंबेडकर स्वतः निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसनं उभे केलेले उमेदवार होते पाळवणकर बाळू. पाच वर्षांपूर्वी एकाच कागदावर सह्या करणारे दोघे एका जागेसाठी समोरासमोर आले, बाळूंना ११,२२५, आंबेडकरांना १३,२४५ मतं. मद्रासमध्ये एम. सी. राजांच्या वाट्याला वेगळा अनुभव आला. ते तर संयुक्त मतदारसंघांचे पुरस्कर्ते. १९३२ च्या सुरुवातीला हिंदू महासभेच्या डॉ. मुंज्यांशी त्यांनी तसा करारही केला होता. १९३८ मध्ये त्यांनी मंदिरप्रवेशाचं विधेयक आणलं. मुख्यमंत्री होते राजगोपालाचारी. सरकारनं पाठिंबा दिला नाही आणि विधेयक पडलं. काँग्रेसचे सदस्य पक्षाबरोबर राहिले, त्यांत राखीव जागांवरून आलेलेही होते. त्यांचा दोष काय काढायचा? ज्यांच्या मतांवर निवडून यायचं त्यांच्याकडे पाहूनच माणूस हात वर करतो.

१९४६ मध्ये वसुली पुरी झाली. आंबेडकरांच्या नव्या पक्षाला, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला, देशभरच्या प्रांतिक निवडणुकांत दोनच जागा मिळाल्या, मुंबईत एकही नाही. पहिला टप्पा जिथं झाला तिथल्या आकड्यांत फेडरेशनची ताकद दिसते, ती अंतिम निकालात उतरत नाही, हे आंबेडकरांनी मांडून दाखवलं. सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी आलेल्या ब्रिटिश कॅबिनेट मिशननं अंतिम निकालच प्रमाण धरले. अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणजे काँग्रेसनं निवडून आणलेली माणसं, असं सोयीचं अनुमान काढून त्यांनी आपल्या योजनेत सर्वसाधारण, मुसलमान आणि शीख एवढेच गट मानले. ज्या पद्धतीमुळे हरलो तिच्यातली हार हाच आपल्याला कुणी मानत नाही याचा पुरावा ठरला, आणि त्या पद्धतीखाली सही आपली. जुलै १९४६ मध्ये पुण्यात विधिमंडळाच्या अधिवेशनापुढे फेडरेशननं सत्याग्रह केला, पुणे कराराच्या निषेधाचा. आपल्याच नेत्यानं सही केलेल्या कराराविरुद्ध कार्यकर्ते अटक करून घेत होते. यात विसंगती आहे असं विरोधकांनी म्हणणं साहजिक होतं. पण त्यांतल्या कुणालाही मालवीयांना किंवा मॅक्डोनल्डना त्यांच्या १९३२ च्या वागण्याचा जाब द्यावा लागेल असं सुचलं नाही. विसंगतीचा आरोप फक्त निवड करायला लागलेल्यावर होतो. त्याच वर्षी संविधान सभेत जायला आंबेडकरांना मुंबईतून वाट नव्हती. फेडरेशनचे तिथले नेते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मतांवर ते बंगालमधून गेले. फाळणीनंतर ती जागा गेली तेव्हा मुंबईतून आले ते बॅ. जयकरांनी रिकाम्या केलेल्या जागेवर, राजेंद्र प्रसादांच्या पत्रानंतर, काँग्रेसच्या मतांनी. दोघांचीही नावं त्या १९३२ च्या कागदावर आहेत.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार. स्वतंत्र मतदारसंघ मिळाले असते तर? मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांनी पुढे काय वळण घेतलं ते समोर आहे. वेगळ्या यादीत टाकलेला समाज गावात आणखी एकटा पडला असता, सवर्ण उमेदवारांनी त्याच्याकडे पाठ फिरवली असती, वीस वर्षांनी तो जास्त दुबळा झाला असता. हे खरं असण्याची शक्यता मी नाकारत नाही, जरी निवाड्यातलं दुसरं मत लक्षात घेतलं तर पाठ फिरवणं तितकं सोपं गेलं नसतं. समजा, मान्य करू या की संयुक्त मतदारसंघ हेच कमी वाईट होते. मग आंबेडकरांची निवड बरोबर ठरते. पण बरोबर निवड केली म्हणून किंमत माफ होते का? १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या पुस्तकात आंबेडकरांनी सांगितलं की एका बाजूला माणुसकी होती, एका माणसाचे प्राण वाचवायचे होते, आणि दुसऱ्या बाजूला आपल्या लोकांना मिळालेले राजकीय हक्क. आपण माणुसकीच्या हाकेला ओ दिली. त्यांनी निवड चूक होती असं म्हटलं नाही. तिच्यामुळे जे गमावलं ते गमावलंच नाही असंही म्हटलं नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला आपल्याकडे इतिहास लिहिणारे सहसा तयार नसतात. बरोबर ठरलेल्या निवडीला तोटा नसतो, तोटा झाला तर निवड चुकली, असा आपला ठोकताळा, आणि म्हणून एक पक्ष करार पवित्र करतो, दुसरा त्याला सापळा म्हणतो.

गांधींनीही कमी वाईटच निवडलं होतं, असं कुणी म्हणेल. हिंदू समाज कायमचा दुभंगण्यापेक्षा आपला प्राण गेलेला बरा, असा त्यांचा हिशेब. फरक एवढाच की त्यांनी निवडलेल्या वाइटाची किंमत त्यांच्या स्वतःच्या देहापुरती राहिली नाही, आणि ती राहणार नाही हे त्यांना आंबेडकरांच्या निवेदनातून आधीच कळलं होतं. सरकारला तर काहीच मोजावं लागलं नाही. २६ सप्टेंबरला लंडनहून मंजुरीची तार आली आणि संध्याकाळी रवींद्रनाथांच्या उपस्थितीत उपोषण सुटलं. ऑगस्ट १९४७ मध्ये संविधान सभेत मद्रासच्या एस. नागप्पा यांनी एक सूचना आणली: राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला आपल्या समाजाची निदान ३५ टक्के मतं मिळालेली असावीत. येरवड्यात गमावलेल्या चावीची एक लहानशी नक्कल त्यांना हवी होती. सूचना मान्य झाली नाही. संविधानात राखीव जागा आल्या त्या संयुक्त मतदारसंघांतूनच, प्रौढ मताधिकारासह. १९२८ ला आंबेडकरांनी मागितलेलं ते बावीस वर्षांनी त्यांच्याच हातून लिहिलं गेलं. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर याच पद्धतीनं मतदान झालं, आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी आंबेडकरांना हरवलं.